उंबऱ्यावरून शूटिंग

आठ दिवस नगर जिल्हा पालथा घालूनही पुण्याच्या सुहासच्या माहितीपटात मोर आणि माकडंच जमली होती. शनिशिंगणापुरात मात्र नशीब फळफळलं. भल्या सकाळी कुत्र्यामागं धावणारा बिबट्या थेट राधाकृष्ण नावाच्या गावकऱ्याच्या घरात घुसला. घरची माणसं अंगणात पळाली आणि सुहास कॅमेरा रोखून उंबऱ्यावर बसला. आत बिबट्यानं कुत्र्याचा गळा फाडला, रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली.

"सायेब, मागं सरा की," राधाकृष्ण कळवळला.

"थांबा हो. तो माझ्याकडे वळला, की मी बाहेर उडी टाकतो. तुम्ही लगेच दार ओढून घ्या."

बिबट्यानं रक्ताळलेलं तोंड वर केलं आणि तो सुहासकडे वळला.



पळता पळता राधाकृष्ण ओरडला, "आवो, शिंगनापुरात घराला दार असतंय व्हय?"