कोरा पडदा

पनवेलच्या खाडीतल्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही, म्हणून प्राध्यापकांनी होडीवर सोनार, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या वस्तू दाखवणारं यंत्र, आणलं होतं. पडद्यावर दोन ठिपके होते: तळाशी ठेवलेली पेटी आणि तिच्यावरचे, प्रतिध्वनी पुसून टाकणारे स्पीकर चालू करायला बुडी मारलेला मिथुन. स्पीकर लागले आणि पडदा कोरा झाला.

"पेटी गायब. तिच्याजवळचा मिथुनही गायब," म्हणत प्राध्यापकांनी वहीत वेळ टिपली.

होडीवरच्या दिनानाथने भावाच्या कमरेचा दोर ओढला. गाठ सुटलेला दोर रिकामाच वर आला.

"सर, झाला ना प्रयोग? आता ते स्पीकर बंद करा. मिथुन कुठं हाय ते बगू दे."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

"बटण पेटीवरच आहे, दिनानाथ. तेच दाबायला तर मिथुनला पाठवलं."