डोळ्याचा फंड
"आजबी वरणात खडा! डाळ बघून निवडायला काय व्हतंय तुला?" अंकुशराव ताटावरच कुरकुरले. सत्यभामाबाई ओशाळून हसल्या. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठीच अंकुशराव चार वर्षं म्युच्युअल फंडात दरमहा पैसे भरत होते. मार्केट पडलं की ते म्हणायचे, "पडल्यावर काढलं तर नुकसान." चढलं की म्हणायचे, "चढायलंय, आत्ता कामून काढायचं?" कलबुर्गीच्या डॉक्टरनं दिलेल्या तारखा अशाच गेल्या. घरातले सगळे जाणून गप्प. अंकुशरावांच्या धीराचं भालकी गावभर कौतुक, मग बोलणार कोण? आज मार्केट पुन्हा आपटलं. त्यांनी मोबाईल बायकोच्या डोळ्यांपुढं धरला. "बघ, सगळं लालच लाल. पण मी हललो का? शांत राहायला काळीज लागतंय." "व्हय, लईच लाल दिसायलंय," सत्यभामाबाई घाईनं म्हणाल्या. वाढणाऱ्या सुनेचा हात थांबला. "मामा, मोबाईल कवाच बंद झालाय. आत्याबाईंना काहीच दिसत न्हाई."