बळीची बंदूक

अमेरिकेतल्या मॉन्टानातल्या वेंडेलला एल्क या दांडग्या हरणाच्या शिकारीसाठी जास्त ताकदीची मॅग्नम रायफल बांधून घ्यायची होती. बंदुका दुरुस्त करणारा ऑगी म्हणाला, "एखादी जुनी रायफल आण. तिचा मधला सांगाडा ठेवू, नळी आणि खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता नवा बसवू. फक्त मोडताना जीव हळहळेल अशी आणू नकोस."

वेंडेलची नजर वारलेल्या सासऱ्यांच्या रायफलवर गेली. "तुझ्या बाबांच्या रायफलची नळी पार झिजलीय गं," तो बायकोला म्हणाला.

लॉर्नाने ती रायफल उचलली, दोनशे पावलांवर कुंपणाच्या खांबावर ठेवलेला डबा पहिल्याच गोळीत उडवला आणि मग विचारलं, "दहा वर्षांत एकही एल्क न पाडलेली रायफल या घरात कुठली?"

दुसऱ्या दिवशी वेंडेल स्वतःचीच रायफल घेऊन दुकानात हजर. ऑगीने नळीत डोकावून पाहिलं. "अरे, ही तर नवीकोरी आहे!"

"असू दे. घरी ठरलंय."

"बरं. दस्ता कापायला खांद्याचं माप दे," म्हणत ऑगीने टेप काढली.

वेंडेलने मान खाली घातली. "थांब, लॉर्ना बाहेर गाडीत बसलीय. तिला बोलावतो."