पट्टीत नोंद नाही

बाईची नाडी भीतीनं वाढली, की मनगटावरची सरकारी पट्टी आपोआप तक्रार नोंदवायची. केतकीच्या पट्टीत तीन वर्षांत एकही नोंद नव्हती.

"पट्टी म्हणते, तुम्ही घाबरतच नाही," तिच्या सुजलेल्या जबड्याकडे पाहत संरक्षण अधिकारी तांबोळी मॅडम म्हणाल्या.

"पट्टी यायच्या आधी घाबरायचे. आता नवऱ्यानं हात उगारला, की मी गॅस बंद करते, मुलीला आत पाठवते आणि उभी राहते."

मॅडमनी कोरा कागद ओढला. "कोर्टाला हल्ली पट्टीच लागते. पण जुना कायदा अजून रद्द झालेला नाही. तोंडानं सांगा, मी लिहिते. त्यालाच घराबाहेर काढायचा आदेश मागू."



"मॅडम," केतकीनं विचारलं, "कुठला दिवस सांगू?"