सहा फुटांची टाकी

दोन फुटांच्या काचेच्या टाकीत दोन्ही बाला शार्क मासे काचेवर नाक आपटून घेत होते. आणले तेव्हा बोटाएवढे होते, वर्षभरात वीतभर झाले. "यांना निदान सहा फूट जागा हवी, नाहीतर मरतील," काचकाम करणारी सून म्हणाली, "पण टाकी ठेवणार कुठं?" सासऱ्यांनी स्वतःच्या दिवाणाकडे बोट दाखवलं. "हा काढ. चाळीस वर्षं लिफ्ट चालवली मी. चार फुटांत दिवस कसा जातो, मला विचार." तिनं महिनाभर खपून टाकी जोडली. आज मासे सोडले, तर ते कोपऱ्यातच जुन्या टाकीएवढ्या जागेत घिरट्या घालत राहिले. पाहणाऱ्या दोघांचा जीव टांगणीला लागला. अचानक एक मासा शेपटी झटकून सुसाट थेट पलीकडच्या टोकाला गेला, पाठोपाठ दुसरा. सासरे उठून काचेच्या कडेनं त्यांच्यासोबत भराभर चालू लागले. "बाबा, दमाल," म्हणत तीही मागोमाग धावली.