पत्र्यावरचं नाव

गोळी उडाली तेव्हा लेलंड प्रुइटचं बोट चापावर नव्हतंच. त्याने रिव्हॉल्व्हरचा नुसता घोडा चढवला होता आणि नळी वर करून तो क्लबातल्या व्हर्नाला दाखवत होता, की बघ, आता कसा अलगद चढतो. चढलेला घोडा आपणहून सुटला. शेडच्या डोक्यावरच्या पत्र्याला भोक पडलं आणि त्यातून उन्हाची तिरीप दोघांच्या मधल्या बाकावर उतरली.

रिव्हॉल्व्हर शंभर वर्षांपेक्षा जुनं, पाच गोळ्यांचं. निकेलच्या मुलाम्याचे पोपडे उडालेले. नवं होतं तेव्हाही ते स्वस्तातलंच, दुकानदारांनी गल्ल्याखाली ठेवण्यापुरतं. लेलंडने ते जुन्या बाजारातून उचललं आणि तीन आठवडे गॅरेजमध्ये त्याच्याशी झटापट केली. घोडा आणि चाप दोन्ही जड लागत होते म्हणून घोडा अडकतो ती खाच त्याने दगडावर घासली. सकाळी व्हर्ना म्हणालीसुद्धा, "असल्यांचं पोलाद मऊ असतं, लेलंड. खाच घासायची नसते. माझ्या वडिलांनी असंच एक वाया घालवलं."

"चाळीस वर्षं काचकारखान्याची यंत्रं सांभाळली मी. आता तू शिकव मला," असं म्हणून तो हसला होता.

ओहायोतल्या त्या बंद पडलेल्या दगडखाणीत नेमबाजांचा क्लब भरायचा, आणि क्लबाचा एक रिवाज होता. शेडच्या पत्र्याला ज्याच्या हातून भोक पडेल त्याने शिडी चढून भोकावर डांबर लावायचं आणि शेजारी तांबड्या रंगाने आपलं नाव लिहायचं. बाकीच्यांनी खाली उभं राहून मजा बघायची. आतापर्यंत सात नावं झाली होती. सातवं व्हर्ना स्टोल्झचं, गेल्या ऑक्टोबरातलं. त्या दिवशी कॅप्टन म्हणून लेलंडनेच शिडी धरली होती, आणि ती लिहीत असताना एकेक अक्षर मोठ्याने वाचून सगळ्यांना पोट धरधरून हसवलं होतं.

"थांबा, कोणी बार काढू नका," लेलंड ओरडला. कॅप्टन म्हणून ते त्याचं कामच होतं. दुसऱ्या टोकाची माणसं बंदुका खाली ठेवून यायला लागली, तेवढ्यात त्याने रिव्हॉल्व्हर बिजागरीवर दुमडून उघडलं, काडतुसं हातात घेतली आणि उडालेलं रिकामं तेवढं खिशात टाकलं. मांडीला त्याचा चटका बसत होता.

एमेट रस्क सगळ्यांत पुढे होता. त्याने वर पाहिलं, मग व्हर्नाकडे. "काय गं, परत? त्या पत्र्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"मी नव्हते," व्हर्ना म्हणाली. "कॅप्टनला विचार. शेजारीच उभा होता."

सगळे लेलंडकडे बघायला लागले.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दहा मिनिटांचं हसं, वर्षभराचे टोमणे. पण 'नळी निशाणाकडे, कायम निशाणाकडे' म्हणत बारा वर्षं त्याने लोकांवर खेकसून काढली होती, दोघातिघांना घरी पाठवलं होतं.

"माझं लक्ष निशाणाकडे होतं," तो म्हणाला.

व्हर्नाने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "शिडी आणा," एवढंच ती म्हणाली.

शिडी धरायला कॅप्टनच लागतो. व्हर्ना चौसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी अधू. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा ओढून शेजारी. तिचे बूट त्याच्या तोंडासमोरून वर गेले आणि त्याला स्वतःची किळस आली. तिने भोकावर डांबर थापलं, मग ब्रश रंगात बुडवला.

"कॅप्टन, वाच की मोठ्याने," एमेट म्हणाला. "गेल्या वेळी कसं खणखणीत वाचलं होतंस."

लेलंडने तोंड उघडलं. "माझ्या हातून उडाली," तो म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही. त्याने घसा खाकरला. "गोळी माझी होती. व्हर्नाची नाही." शिडीवरचा एक हात काढून त्याने खिशातलं काडतूस बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर धरलं.

एमेट हसत सुटला.

"अरे, हा काय पुरावा? तुझे खिसे कधी रिकाम्या काडतुसांशिवाय असतात का? बाई शिडीवर चढलेली बघवली नाही याला."

"एमेट, खरंच सांगतोय. मी नळी वर—"

"बास रे बास, कळलं." एमेटने त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हणून तर दरवर्षी तुलाच निवडतो आम्ही." मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मंडळी खुशीत कॉफीच्या किटलीकडे वळली.

लेलंडचे कान लालभडक झाले. इतकी लाज त्याला गोळी सुटली तेव्हाही वाटली नव्हती.

व्हर्ना नाव पुरं करून सावकाश खाली उतरली. तिने रंगाचा डबा त्याच्या एका हातात दिला, ब्रश दुसऱ्या हातात, आणि आपली बॅग खांद्याला लावली.

"माझ्या नावाचा रंग वाळायला अर्धा तास लागतो, कॅप्टन," ती म्हणाली. "शिडी इथेच ठेवते, तुला लागेल."