उस्तादांचा घाट

आत्माराम उस्तादांनी मोबाइल कळशीला टेकवून ओट्यावर उभा केला आणि आळीतल्या सगळ्यांना जवळ बोलावलं. पडद्यावर स्वित्झर्लंडचा डोंगर होता, त्याला सुतळी गुंडाळावी तसा रस्ता होता, आणि त्या रस्त्यावरून त्यांची दिशा भाड्याची गाडी घेऊन एकटीच चालली होती. व्हिडिओ कालचा, पण उस्ताद प्रत्येक वळणाआधी "आता बघा" म्हणून बजावत होते. आणि बघण्यासारखं होतंच. बोईसरच्या कंपनीत दिवसभर काचेच्या नळ्या हलवणारी पोरगी! सोबतीला कुणी नाही, स्टेअरिंग उलट्या बाजूला, खाली निळंशार तळं. पहिल्या दिवशी गिअर टाकायला गेली की डावा हात दारावर आपटायचा म्हणे. दुसऱ्या दिवशी हात शहाणा झाला.

बाप घाटातला वाघ, मग पोर कशाला भिते, असं कुणीतरी म्हणालं. उस्तादांनी मान डोलावली.

उस्तादांचे घाट आळीला तोंडपाठ होते. कसाऱ्यात ब्रेक गेलेला ट्रक त्यांनी डोंगराला घासून कसा थांबवला, जव्हारच्या धुक्यात दार उघडं ठेवून रस्त्याची कड बघत कसे उतरले! दिशा याच गोष्टी ऐकत वाढली. आता खरं काय ते सांगून टाकतो. उस्तादांनी एकतीस वर्षं बोईसर स्टेशन ते तारापूरची कॉलनी एवढीच स्टाफची बस चालवली. रस्ता पाटासारखा सपाट. जन्मात चढलेला सगळ्यात मोठा चढ म्हणजे बोईसरचा रेल्वेवरचा पूल. बसच्या आधी ट्रकवर होतो असं ते सांगायचे, आणि ते खोटं आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. एक त्यांची बायको रखमाबाई. दुसरा शेजारचा महादू, ज्याची उभी हयात मनोरहून नाशिकला ट्रक नेण्यात गेली. महादू रोज ओट्याच्या कोपऱ्यात तंबाखू मळत बसायचा, सगळं ऐकायचा, पण "उस्ताद, तो ट्रक माझा होता," असं एकदाही म्हणाला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. दिशाच होती. उस्तादांनी ऐटीत स्पीकर लावला.

पण पोरीचा आवाज नेहमीचा नव्हता. आजचा घाट निम्मा उतरल्यावर चाकांतून करपल्याचा वास यायला लागला होता. ब्रेकवर पाय ठेवला की तो आतच जायचा. कशीबशी कडेच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवली होती. खाली अजून वीस-एक वळणं बाकी होती. गाडीवाल्यांना फोन करायच्या आधी तिने बापाला केला होता.

"बाबा, तुमी कसाऱ्याला काय केलंत? नीट सांगा, मी तसंच करते."

सगळ्यांचे डोळे उस्तादांवर. डोंगराला गाडी घासायची गोष्ट इथे बसून फार रंगायची. पोटच्या पोरीला ती कशी सांगणार?

महादू सरकत जवळ आला आणि तोंडावर हात धरून हळूच म्हणाला, दुसरा गिअर सांग. तेवढं सांगितलं असतं तर निभावलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता. उस्तादांनी तोंड उघडलं. मग मनात आलं, तिने पुढचं विचारलं तर? आणि आपण सवयीने काहीतरी ठोकून दिलं तर?

"दिशा, मी जन्मात घाट उतरलो नाय गं," ते म्हणाले. "त्या सगळ्या गोष्टी महादूकाकाच्या. त्यालाच विचार."

आणि त्यांनी फोन महादूच्या हातात दिला.

महादू सावकाश एकेक सांगत गेला. चाकाखाली दगड लाव म्हणाला. गाडी गिअरमध्ये ठेव, हँडब्रेक ओढू नको, ब्रेक तापलेत म्हणून पाणी ओतू नको. तासभर खुशाल डोंगर बघत बस. निघण्याआधी पाय दाबून बघ, ब्रेक कडक लागला तरच नीघ, नायतर गाडीवाल्यांना बोलव. मग त्याने विचारलं, चढताना कितवा गिअर होता? दुसरा, ती म्हणाली.

"मग दुसऱ्यातच उतर. ज्या गिअरात चढलीस, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक दाबायचा नि सोडायचा. धरून ठेवायचा नाय."

फोन ठेवल्यावर उस्ताद कुणाकडे बघेनात. लोक आता उठून जातील असं त्यांना वाटलं. पण एकही जण हलला नाही. रखमाबाईंनी चहा आणला, तो तसाच निवला. दीड तास उस्तादांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता.

"पाय काढा आता, लादी फुटेल," रखमाबाई म्हणाल्या.

मग एकदाचा व्हिडिओ आला. दिशा खालच्या गावात उभी राहून वर दाखवत होती. ढगात शिरलेला डोंगर, आणि त्याच्या अंगावर ती उतरून आलेली वळणं. ब्रेक वळणापुरताच लागला, महादूकाकांना सांगा, ती हसत म्हणत होती. उद्याचा घाट याहून उंच हाय, फोन जवळ ठेवा. उस्तादांनी ते तीनदा बघितलं. ऊर भरून आला होता आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी पाय फरशीवरून उचलला.

आळीतलीच ज्ञानेश्वरी बाजारातून मासळीची पाटी घेऊन परतत होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ओट्यावर गर्दी बघून तिने नेहमीसारखंच विचारलं, "उस्ताद, आज कुठला घाट?"

सगळे खाली बघायला लागले. उस्तादांनी बाजूला सरकून महादूला भिंतीला टेकायची आपली जागा दिली.

"आज माझा नाय गं," ते म्हणाले. "दिशाचा. आमच्या घरातला पहिला ड्रायवर आज घाट उतरला."